चार आण्याची कोंबडी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

जुन्या मोबाइलला तू ‘चार आण्याची कोंबडी’ म्हणालास, ते चुकलं. ही म्हण स्वस्त वस्तूची नव्हे. वस्तूपेक्षा वरचा खर्च जड झाला की म्हणायची: चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. बेरीज कर, बरोबर सोळा आणे, अख्खा रुपया. त्यातला पाऊण मसाल्यात गेला. पाचशेच्या मोबाइलला आठशेची काच बसवलीस तर खुशाल म्हण. १९५७ साली नवे पैसे आले अन् आणे हिशेबातून गेले, तोंडातून काही जाईनात. आपल्याकडं तर त्याआधी निजामाचा हाली रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजांचे रुपये.

‘कवडीमोल’ भावासाठी. टोमॅटोचं कॅरेट आडतीवर नेलं अन् गाडीभाडंही निघालं नाही, तर माल कवडीमोल गेला. माल चांगलाच असतो, भाव पडलेला असतो. मोडक्या खुर्चीला हा शब्द लावू नको. ‘फुटकी कवडी’ मात्र नकारातच शोभते: फुटकी कवडी देणार नाही. (तुळजापूरच्या आराध्याच्या, म्हणजे भवानीच्या भक्ताच्या गळ्यात त्याच कवड्यांची माळ असते. तिथं कवडीला हलकं म्हणून बघ!)

‘फोल’ खळ्यावरचा. वारं सुटलं की टोपलं डोक्याच्या वर धरून रास हळूहळू सोडतात. दाणा जड, तो सरळ पायाशी पडतो. फोलपट वाऱ्यासंगं पलीकडं जातं. वरून दाण्यासारखं अन् आत काहीच नाही, ते फोल. म्हणून आश्वासन फोल ठरतं, खुर्ची नाही.

भुसकटाला फुकाचं म्हणणारा शेतकरी नसावा. तुरीचं भुसकट उन्हाळ्यात जनावरांच्या पुढ्यात टाकावं लागतं, अन् दुष्काळात ते पैसे देऊनही मिळत नाही. ‘पैसे म्हणजे काय चिंचोके वाटले का?’ हेही तसंच. चिंचोक्याची पावडर कापडाच्या खळीला जाते, विकत.

तुझ्या मोबाइलला खरी म्हण शेळीची. गाईच्या शेपटाला लांबी अन् गोंडा, पाठीवरची माशी उठते. शेळीचं वीतभर, तेही वर वळलेलं. शेळीचं शेपूट, ना माशी हाकलतं ना लाज झाकतं. आहे तर खरं, पण कुठल्याच कामाचं नाही. रेंज गच्चीवर गेल्याशिवाय नाही, अन् गच्चीवर गेलास की बॅटरी नाही.

तुझे बाबा