से कॅथेड्रल पाहून मित्रास पत्र

पणजी,
१४ जानेवारी

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

मालवणच्या घराचा जुना गिलावा खरवडून आतला जांभा उघडा ठेवावा का, असे तू मागील पत्रात विचारले होतेस. काल जुन्या गोव्यात से कॅथेड्रल हे पोर्तुगीज काळातले मोठे चर्च पाहताना त्याचे उत्तर मला मिळाले, म्हणून घरी परतण्याची वाट न पाहता इथूनच लिहितो आहे.

दर्शनी भिंत पूर्वेकडे असल्याने सकाळचे ऊन थेट तिच्यावर पडते आणि चुन्याचा पांढरा गिलावा इतका उजळतो की आत आपल्याकडचाच तांबडा, भोकाभोकांचा जांभा आहे यावर विश्वास बसत नाही. मूळ दोन मनोऱ्यांपैकी उजवीकडचा, म्हणजे उत्तरेचा, १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कधी उभारला गेला नाही. डावीकडच्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. मला ती रिकामी उजवी बाजू मुळीच खटकली नाही; उलट तिच्यामुळे उरलेल्या मनोऱ्याची उंची अधिक जाणवते.

पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, गोवे जिंकले, म्हणून हे मंदिर तिला अर्पण केलेले आहे. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली आणि वेद्यांचे काम त्यानंतरही कितीतरी वर्षे चालले. लांबी सुमारे ७६ मीटर. बाहेरून इमारत अगदी साधी, जवळजवळ कठोर वाटते; दाराच्या आत पाऊल टाकताच मात्र नजर जाड खांबांच्या रांगांमधून, अर्धगोल छताखालून, सरळ टोकाच्या मुख्य वेदीवर जाऊन थांबते.

त्या वेदीपुढे मी तासभर बसलो. वेदीमागे थेट वरपर्यंत चढत गेलेले कोरीव लाकूड आहे, त्यावर सोन्याचा वर्ख आहे आणि मधल्या चौकटींत कॅथरीनच्या जीवनातले व हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले आहेत. गोव्यातील चर्चांचे असे लाकूडकाम स्थानिक कारागिरांच्या हातून घडले, हे ठाऊक असल्यामुळे की काय, त्या वेलबुट्टीकडे पाहताना आपल्या देवळांतल्या कोरीव मखरांची आठवण होत राहिली. सोने इतके असूनही ते डोळ्यांत खुपत नाही, कारण भोवतीच्या भिंती पांढऱ्या आणि मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्याने हे प्रमाण ठरवले, त्याला कुठे हात आवरायचा ते नेमके कळत होते. बाप्तिस्म्याचे पात्र १५३२ चे, म्हणजे इमारतीहूनही जुने आहे.

बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर बॉम जीझस बॅसिलिका, हे दुसरे जुने चर्च. तिचा गिलावा १९५० च्या सुमारास काढून टाकला गेला. दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून आणलेला आहे, तो टिकून आहे. बाजूच्या भिंतींचे चिरे मात्र उघडे पडले आहेत. लांबून तो तांबडा रंग फार देखणा दिसतो. जवळ जाऊन पाहिले तेव्हा चिऱ्यांच्या कडा झिजलेल्या, पृष्ठभाग खरबरीत झालेला, कुठे कुठे शेवाळाने काळवंडलेला दिसला. जांभा पाणी शोषून घेतो, हे तुला मी काय सांगणार! एकाच जातीचा चिरा, एकाच गावचा पाऊस, आणि दोन भिंतींत इतका फरक. ज्यांनी हा दगड निवडला त्यांनी चुन्याचे पांघरूणही त्याच्यासोबतच योजले होते; तो गिलावा वरून चढवलेला साज नव्हता.

म्हणून आग्रहाने सांगतो की मी रविवारी मालवणला पोहोचेपर्यंत भिंतीला हात लावू नकोस. पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत आधी दोघे मिळून पाहू आणि सिमेंट न वापरता जुन्या पद्धतीने चुना मळणारा गवंडी गावात अजून कोणी आहे का, याची चौकशी तेवढी करून ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव