'नातेवाईकाची सही' या रकान्याबद्दल

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी आई ७९ वर्षांची आहे. सहा वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. गेल्या पावसाळ्यात मोरीत घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयात संमतिपत्र पुढे आलं. सिस्टरने 'रुग्णाची सही'वर आडवी रेघ मारली आणि 'नातेवाईकाची सही'वर बोट ठेवलं. आई शेजारच्या खाटेवर चांगली जागी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. सही करून टाकली.

आई घरी आल्यावर प्रश्न पडला, ही सही करायचा अधिकार मला दिला कोणी? शोधत गेले, तर कोणीच दिलेला नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे, पण ती मानसिक आजाराच्या उपचारापुरती; मोडलेल्या खुब्याला तिचा उपयोग नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली पालक नेमता येतो, पण तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. म्हातारपणी विसरत गेलेल्या बाईसाठी नव्हे. एका वकिलांनी सुचवलं, मुखत्यारपत्र करून ठेवायचं होतं. दुसरे हसले. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारपत्रच संपतं. पाऊस सुरू होताच मिटणारी छत्री! उरतं उच्च न्यायालय. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून पालक नेमून घ्यायचा. खाटेवर कण्हणाऱ्या माणसाच्या लेकीने वकील शोधायचा की रक्त?

जीव धोक्यात असेल तर डॉक्टर थांबत नाहीत, थांबूही नयेत. पण २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तातडी नसताना गुंगीत असलेल्या सज्ञान मुलीसाठी आईने दिलेली संमती चालत नाही. ती मुलगी काही तासांनी शुद्धीवर येणार होती. माझी आई शुद्धीवरच आहे, फक्त तिचा होकार कायद्याला पुरत नाही. हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या वतीने कोणी बोलायचं, त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या लेखिकेने की केईएमच्या कर्मचाऱ्यांनी, हे ठरायला २०११ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. कर्मचाऱ्यांनी तोवर ३७ वर्षं त्यांची शुश्रूषा केली होती.

नवा कायदा दिल्लीत होईल तेव्हा होवो, त्यासाठी आपण आग्रह धराच. रुग्णालयं मात्र राज्यसूचीत आहेत. तेव्हा संमतिपत्राचा नमुना आपल्या हातात आहे. रेघ मारण्याआधी डॉक्टरांनी तीन ओळी लिहाव्यात: रुग्णाला सोप्या भाषेत काय सांगितलं, ती काय म्हणाली, आणि हा एवढा निर्णय तिला का समजत नाही. कालचं जेवण न आठवणाऱ्या बाईलाही 'दुखतंय, नको' एवढं कळतं. आणि नातेवाईक म्हणजे नेमका कोण? पुण्यातला भाऊ फोनवर 'ऑपरेशन नको' म्हणत होता, मी 'करा' म्हटलं. मी जवळ उभी होते म्हणून माझं चाललं. असा वाद झाला तर जिल्हा रुग्णालयातच दोन दिवसांत ऐकून घेणारं कोणी नेमा. ज्यांना मागेपुढे कोणीच नाही, त्यांची बाजूही त्याच माणसाने मांडावी.

पुढच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. फॉर्म घरी आणून ठेवलाय. काल तिला विचारलं, "आई, डोळ्याचं करायचं का?" ती म्हणाली, "तुझ्या आईला विचार."

आपली,
एक मुलगी, सातारा