नाव कमॉडिटी, आत शेअर

महोदय,

सांगलीच्या हळद बाजारात दिवाणजी म्हणून माझे आयुष्य गेले. कमॉडिटी म्हटले की मला पोती आणि वखारीची पावतीच आठवते. थोरल्याने निवृत्तीसाठी निवडलेल्या 'कमॉडिटी' फंडाचे माहितीपत्रक वाचले, तर आत पोलाद, सिमेंट, तेल कंपन्यांचे शेअर! शेअर बाजार आपटला की हेही आपटणार, मग वेगळे काय घेतले? प्रत्यक्ष धातू हवा तर सोन्या-चांदीचा ईटीएफ, म्हणजे धातू साठवणारा आणि शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, बघावा. खर्चाचे प्रमाण (फंड दरवर्षी किती कापतो) आणि ट्रॅकिंग एरर (फंडाचा परतावा धातूच्या भावापासून किती ढळतो) तपासावी. भावही पाहावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीचे ईटीएफ आतल्या चांदीच्या किमतीहून बरेच चढ्या दराने विकले जात होते. फंड विकणारा वितरक मात्र गेल्या वर्षीचा परतावाच दाखवतो. आपल्या अर्थविषयक पानावरील फंडांच्या तक्त्यात 'आत शेअर की धातू' असा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

- एक निवृत्त दिवाणजी, सांगली