आप्पांच्या तांडेलदादांना

प्रिय तांडेलदादा,
सा. न. वि. वि.

आप्पांना जाऊन वर्ष होत आलं. तेराव्याला मी आभाराचे दोन शब्द बोलायला लागले, तर तुम्ही "ताई, ती आमटीची बादली द्या इकडे" म्हणून पंगतीत वाढायला निघून गेलात. म्हणून आता हे उघड पत्र. चारचौघांनी वाचलं की तुम्हाला कुठे जाता येणार नाही.

वाचणाऱ्यांना सांगते, हे आमचे नात्याने कोणी नाहीत. हर्णै बंदरात यांची होडी. खाडीपलीकडच्या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत आप्पांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकले, तेही रडतखडत. चार वर्ग, एक खोली, एक फळा. तिसरी-चौथीला उजळणी लिहायला बसवायचं आणि तेवढ्यात पहिलीची बाराखडी उरकायची, असा तो कारभार.

पाऊणकीची, म्हणजे पाऊणपटीच्या पाढ्याची, गोष्ट मला तुमच्याकडूनच कळली. घरी आप्पा कधी बोलले नाहीत. पाऊणकी काही केल्या तुमच्या डोक्यात शिरेना. छडी खाऊन झाली, अंगठे धरून झाले. मग एक दिवस आप्पांनी विचारलं, "आज तिथी कुठली रे?" अष्टमी. "मग भरती किती वाजता?" तुम्ही पटकन म्हणालात, सहाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुमच्या घरात सगळ्यांना पाठ. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, द्वादशीला नऊ. हिशेब ठोकळ आहे, मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी काढायला पुरतो. "गाढवा, मग आठ पाऊण किती?" त्या दिवसापासून पाऊणकी तुम्हाला येते. आणि पुढच्या वर्षी आप्पांनी सगळ्या वर्गाला ती तिथीवरूनच शिकवली, म्हणजे तुमच्याकडून तेही काही शिकले, हे तुम्ही सांगत नाही, मी सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, ते दिवस मला आठवतात. मनिऑर्डरी आटल्या. लालबाग-परळची बिऱ्हाडं ट्रंका घेऊन वाडीत परतली आणि भर वर्षात हजेरीपट लांबला. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून आप्पांनी एकाही पोराला परत पाठवलं नाही. आधी बसवलं, कागद मागाहून मागवले. संध्याकाळी आमच्या ओटीवर माणसं जमायची. कुणाला गिरणीला अर्ज हवा, कुणाला मुंबईच्या भावाला पत्र. आप्पांचं अक्षर मोत्यासारखं, त्याची ही शिक्षा! आई चहा करून वैतागायची, पण आधण ठेवायचीच.

१९९८ ला ते निवृत्त झाले, कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला त्याच वर्षी. (आम्हा दापोलीकरांना काय त्याचं, खेडला उतरून पुन्हा एसटीच.) त्यानंतरचे आप्पा म्हणजे पक्के घरचे. बंदरावरून मासळी आणायची त्यांनी, साफही त्यांनीच करायची. आईचे सांधे धरल्यावर नारळ खवायचं कामही त्यांच्याकडे आलं. खवणीवर बसून, फोन शेजारी ठेवून, डोंबिवलीतल्या माझ्या मुलाकडून पाढे म्हणून घ्यायचे. चुकला की खवण्याचा आवाज थांबायचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आपल्या दापोली-मंडणगडचीही धूळधाण झाली. वीज गेली, फोन मुके. टाळेबंदीत ई-पासशिवाय ठाणे जिल्हा सोडता येत नव्हता. अखेर फोन आला तो तुमचा, कुठल्याशा टेकाडावर रेंज शोधून केलेला. "गुरुजी नि काकी आमच्याकडे आहेत. जेवलेत. कौलं गेली, पोफळी सगळ्या झोपल्या, माणसं बरी." मला हवं होतं ते सगळं तेवढ्यात आलं. होडीवरची ताडपत्री तुम्ही आमच्या छपरावर घातलीत. तुमच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडाले होते, हे आईकडून खूप नंतर कळलं.

आणि दर नोव्हेंबरातला तो हयातीचा दाखला! आपण जिवंत आहोत हे सही करून सांगायचं, याचं आप्पांना भारी हसू यायचं. तुम्ही त्यांना रिक्षात घालून दापोलीला न्यायचात आणि येताना भजी चारायचात, जी डॉक्टरांनी बंद केली होती. (आईला माहीत होतं.) शेवटच्या खेपेला हात इतका कापत होता की सही जुळेना. तेव्हा तुम्ही खिडकीतल्या माणसाला म्हणालात, "साहेब, सही हलली असेल, पण हात तोच आहे. याच हाताचा मार खाल्लाय मी." आप्पा घरी येऊन हे इतक्यांदा सांगायचे की आम्हाला पाठ झालं.

आम्ही दोघं भावंडं मुंबईकडे. म्हातारपणी त्यांना रोज लागणारं माणूस तुम्ही झालात, आणि ते उपकार म्हणून नाही, गुरुजींकडे येणं-जाणं म्हणून. फार आभारी आहे, दादा.

आता आईचा निरोप. नव्या कौलांचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. ते या महिन्यात सांगायचे. आणि मे महिन्यात हापूसची पेटी तुमच्याकडे येईल. गेल्या वेळेसारखी अर्धी परत पाठवलीत, तर ती स्वतः काठी टेकत बंदरावर येणार आहे.

तुमची,
गुरुजींची थोरली