मालवणचे प्रवाळ पडद्यावर यावे

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेच्या संगणकावर सागरी जीवांची ओळख करून देणारे सॉफ्टवेअर आहे. प्रवाळावर क्लिक केले की त्याची इवली तोंडे उघडतात, आत राहणारे शैवाल त्याला अन्न पुरवताना दिसते. पाणी तापले की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. लेकीने ते तीनदा पाहिले. पण सगळे इंग्रजीत, आणि ऑस्ट्रेलियाचे! सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहे, मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. ताटातली तांबोशी मासळी ओळखणाऱ्या आमच्या मुलांना ती खडकांत कशी राहते हेही बघू द्या. शालेय शिक्षण विभागाने असे सॉफ्टवेअर मराठीत करून घ्यावे, आणि त्यात आवाज मालवणच्या मच्छीमाराचा असावा.

– एक पालक, कणकवली