जुगाराच्या गावात पाहिलेलं पाणी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लास वेगासवरचा लेख वाचला. बुधवारच्या अंकात त्यावर एका वाचकाचं पत्र आलं. जुगाराच्या गावात नाशिकच्या निवृत्त माणसांनी पेन्शनचे पैसे घेऊन जावंच कशाला, असा त्यांचा सवाल आहे. मी त्याच माणसांपैकी एक. गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघे मित्र चार रात्री तिथे राहून आलो. पत्र थोडं लांबेल. जागा कमी पडली तर हॉटेलांचा भाग कापा, पाण्याचा कापू नका.

आम्ही चौघेही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माझी नोकरी वाघाडला, मग पालखेडला आणि शेवटची अकरा वर्षं गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यावर. मित्रांची नावं पेपरात नकोत, म्हणून राहत्या जागेवरून सांगतो: पंचवटीचा, सिडकोचा आणि नाशिकरोडचा. नाशिकरोडच्याची मुलगी लॉस एंजेलिसजवळ असते. आधी आठवडाभर तिच्याकडे राहिलो आणि तिथून गाडीने निघालो. मोहावे वाळवंटातून साधारण सव्वाचारशे किलोमीटर. रस्ताभर झाड म्हणावं असं काही नाही, आणि शेवटी उतारावरून एकदम ते शहर दिसतं.

आधी जुगाराचंच सांगतो, कारण त्या वाचकांची काळजी मला कळते. माझ्या धाकट्या काकांची ओझरकडची दोन एकर बागायत मटक्यात गेली. आज आकडा लागेल, उद्या लागेल, म्हणत माणूस कसा झिजतो ते मी वयाच्या दहाव्या वर्षी घरातच बघितलं. नंतर काकू दुसऱ्याच्या मळ्यात निंदणीला जायची. तेव्हापासून मी पैसे लावून पत्त्याला हात लावलेला नाही. तिथेही लावला नाही. बाकी तिघांनी ठरवून घेतलं होतं की प्रत्येकी वीस डॉलर, संपले की उठायचं. पंचवटीचा उठला, नाशिकरोडचा उठला. सिडकोचा उठला नाही.

त्या जागेची रचनाच तशी आहे. खोलीवर जायची लिफ्ट जुगाराच्या दालनातून, जेवायला जायची वाट त्याच दालनातून. आत घड्याळ नाही, खिडकी नाही, बाहेर उजाडलं की काळोख आहे ते कळत नाही. खेळणाऱ्याला दारू फुकट आणून देतात. पहाटे तीन वाजता आम्ही तिघं त्याच्या यंत्राभोवती उभे होतो आणि तो आमच्याकडे बघतही नव्हता. ३४० डॉलर गेले होते. शेवटी नाशिकरोडच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल भाऊ, आवर्तन संपलं." आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी. तेव्हा उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाकीट आणि कार्डं काढून माझ्या हातात दिली. परत येईपर्यंत माझ्याकडेच होती. हे सारं त्याला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, लिही, कुणाचं तरी घर वाचेल.

तेव्हा ज्याच्या घरात ही सवय आहे, त्याने त्या गावी पाऊल ठेवू नये, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आपल्या राज्याने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. फार चांगलं केलं.

पण त्या गावात तेवढंच आहे, हे मात्र खरं नाही. मी तर म्हणेन की तिथलं बघण्यासारखं बरंचसं रस्त्यावरच आहे आणि फुकट आहे. बेलाजिओ हॉटेलसमोर साडेआठ एकरांचा तलाव आहे. १९९८ पासून तिथे संगीतावर कारंजी नाचतात. बाराशेहून जास्त नोझल, आणि सगळ्यात उंच धार १४० मीटरवर जाते. दुपारी दर अर्ध्या तासाला आणि रात्री दर पंधरा मिनिटांनी खेळ, मध्यरात्रीपर्यंत. तिकीट नाही. कठड्याला टेकून कुणीही बघावं. आठचा खेळ म्हणजे आठलाच पाणी उसळणार. वारा फार असेल तर मात्र बंद ठेवतात. पंचवटीच्याचं घर रामकुंडापासून दोन मिनिटांवर आहे. पहिल्या खेळाला पाणी वर गेलं तसे त्याने हात जोडले, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका मेक्सिकन आजीबाईंनी त्याच्याकडे बघून छातीवर क्रूस काढला. आम्ही चार रात्रींत एकोणीस खेळ बघितले.

त्याच हॉटेलच्या दर्शनी दालनात छतावर काचेची सुमारे दोन हजार फुलं आहेत, डेल चिहुली या कलावंताची. मागे फुलझाडांची मोठी बाग, ऋतूप्रमाणे बदलणारी. दोन्ही फुकट. जुन्या गावठाणात फ्रीमाँट स्ट्रीट आहे. तिथे १९९५ साली अख्ख्या रस्त्यावर छत घातलं आणि त्या छतावरच रात्री दिव्यांचा खेळ चालतो. रस्त्यावर रंगाने वर्तुळं आखलेली आहेत. गाणारे, वाजवणारे, सोंगं आणणारे त्या वर्तुळातच उभे राहतात आणि वेळ संपली की पुढच्याला जागा देतात. कालव्यावर पाळी लावावी तशी. वाटेत कुणी आडवा येत नाही, आणि पोटासाठी कला दाखवणाऱ्याला हुसकूनही लावत नाहीत. गावाच्या वेशीवरची 'वेलकम' म्हणणारी जुनी पाटी १९५९ ची, बेटी विलिस या बाईंनी काढलेली. तिच्या नकलेचा हक्क त्यांनी कधी नोंदवलाच नाही, गावाला देऊन टाकला. तिच्यापुढे फोटोसाठी रांग असते आणि लोक ती रांग पाळतात.

पैसे एकदाच खर्च केले. सर्क दू सोलेय या सर्कस कंपनीचा पाण्यावरचा खेळ बघितला. रंगमंच म्हणजे १५ लाख गॅलनचा हौद. आत्ता जिथे नट चालत होता तिथेच क्षणात दुसरा वरून सूर मारतो, कारण खालची जमीन पाण्यात वरखाली होते. चौघांनाही एकच प्रश्न पडला होता की ही यंत्रणा उचलते कशी. सिडकोचा म्हणाला, रात्रीचे पैसे गेले ते गेले, पण हे पैसे सार्थकी लागले.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. सोमवार ते गुरुवार राहा, शुक्रवार-शनिवारी भाडं फार चढतं. भाड्यावर 'रिसॉर्ट फी' म्हणून रोजचे वेगळे पैसे घेतात. आमच्याकडून रोज ४० डॉलरच्या वर घेतले आणि ते आम्हाला खोलीच्या चाव्या घेताना कळलं, तेव्हा आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात जाऊ नका. २०२४ च्या जुलैत तिथे पारा जवळजवळ ४९ अंशांवर गेला होता. शाकाहारी माणसाचं अडत नाही, पण आम्ही नेलेला चिवडा आणि भाजणी रोज कामी आली.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते.

त्या कारंज्यासमोर उभं राहिल्यावर पाणी सोडण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, आणि हे पाणी येतं कुठून? कळलं ते असं, की तिथे आधी गोल्फचं मैदान होतं, त्याच्या जुन्या विहिरीचं पाणी तलावाला येतं. मैदानाच्या हिरवळीला लागायचं त्यापेक्षा कमीच लागतं. मग तिसऱ्या दिवशी मी तिघांना स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह नावाच्या जागी घेऊन गेलो. तिथे फार गर्दी नव्हती. 'लास वेगास' म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. वाळवंटात इथे जिवंत झरे होते, त्यांच्यामुळे गवत होतं, म्हणून हे नाव. १९०५ मध्ये रेल्वेने जागांचा लिलाव करून गाव बसवलं, ते या पाण्याच्या भरवशावर. विहिरी खणत गेले, उपसत गेले, आणि १९६२ मध्ये झरे आटले. आज तिथे कोरडा खड्डा आणि माहितीच्या पाट्या आहेत. पंचवटीचा त्या खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभा होता.

झरे गेल्यावर गाव जगलं ते कोलोरॅडो नदीवर. चौथ्या दिवशी हूवर धरण बघितलं. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात जुगार कायदेशीर झाला १९३१ मध्ये आणि धरणाचं काम सुरू झालं तेही त्याच वर्षी. पण धरणाच्या कामगारांसाठी सरकारने बोल्डर सिटी हे गाव वसवलं, तिथे जुगाराला बंदी केली, आणि ती आजही आहे. धरण २२१ मीटर उंच. एवढं काँक्रीट नुसतं ठेवलं असतं तर निवायला शंभरावर वर्षं लागली असती, म्हणून आतून ९०० किलोमीटरच्या वर नळ्या टाकून गार पाणी फिरवलं. आम्ही हे पुस्तकात शिकलो होतो. कठड्यावरून खाली बघताना अर्धा तास कुणी बोललं नाही. मागचा लेक मीड हा जलाशय भरला तर जायकवाडीच्या दहापटीहून मोठा. पण सगळ्या कडांवर पांढरा पट्टा आहे, पाणी कुठवर होतं आणि कुठे उतरलं ते दाखवणारा. २०२२ मध्ये तर तो भरल्यापासूनची सगळ्यात खालची पातळी होती.

या नदीतून नेवाडा राज्याचा वर्षाचा वाटा आहे तीन लाख एकर-फूट. आपल्या भाषेत १३ टीएमसी, म्हणजे १३ अब्ज घनफूट. आपलं गंगापूर साडेपाच टीएमसीचं. म्हणजे सव्वादोन गंगापूर, आणि त्यावर वीस लाखांवर वस्ती आणि वर्षाला चार कोटींच्या आसपास पाहुणे. शेजारच्या कॅलिफोर्नियाला १९२ टीएमसीच्या जवळपास. एवढ्यात कसं भागवतात? तर मोरीतून, संडासातून, हॉटेलच्या धुण्यातून जाणारं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून पुन्हा लेक मीडमध्ये सोडतात. जेवढं परत सोडलं तेवढं त्यांच्या खात्यावर पुन्हा जमा होतं आणि तेवढं वर उचलता येतं. परत येत नाही ते फक्त हवेत उडालेलं पाणी. म्हणून त्यांचा राग हिरवळीवर. रस्त्यांच्या दुभाजकांत आणि कचेऱ्यांपुढे शोभेसाठी लावलेल्या हिरवळीला २०२६ अखेरनंतर नदीचं पाणी द्यायचं नाही, असा कायदा त्यांनी २०२१ मध्ये केला. दर वर्षी वाट्याचं सगळं पाणी ते वापरतही नाहीत. रात्रभर दिव्यांत नाहणाऱ्या त्या गावाची ही बाजू मला कुठल्याच जाहिरातीत दिसली नव्हती.

आपल्याकडे २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्यासाठी रस्ते, पूल, घाट यांच्या बातम्या आपण रोज छापता आणि त्या हव्यातच. रामकुंडावर आता संध्याकाळी गोदाआरतीही होते, मला ती आवडते. पण आरतीच्या दिव्यापलीकडे, होळकर पुलाखाली, पानवेली मी या डोळ्यांनी बघतो. पानवेल माजते ती मैल्याच्या पाण्यावर. आणि गोदेच्या पात्रात काँक्रीटखाली जुने झरे आहेत, ते मोकळे करा, ही मागणी या गावातली माणसं कित्येक वर्षं करत आली आहेत. लास वेगासचे झरे १९६२ मध्ये आटले, कायमचे. आपले अजून जिवंत आहेत असं सांगणारी म्हातारी माणसं गोदाकाठी अजून भेटतात. पंचवटीच्याच्या आईने पात्रातल्या कुंडांतून हंडे भरलेले आहेत. आपण वापरून सोडतो ते पाणी खाली निफाडला नांदूरमध्यमेश्वरला जातं, जिथे थंडीत लांबलांबचे पक्षी उतरतात आणि ज्याचं नाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. पुढे ते कालव्यांतून शेतात आणि पैठणला लोकांच्या घशाखाली जातं. वरच्याने खालच्याला काय पाठवायचं, हे कालव्यावर काम केलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

माझी विनंती लहान आहे आणि ती आपल्याच वृत्तपत्राला आहे. पावसाळा आला की आपण पहिल्या पानावर धरणांचे साठे छापता. गंगापूर इतके टक्के, दारणा इतके टक्के. अख्खं नाशिक चहाबरोबर ते वाचतं. त्याच चौकटीत, बाराही महिने, आणखी दोन आकडे छापा: शहराने काल किती पाणी उचललं, आणि तपोवन, टाकळी, चेहेडी या मलजल शुद्धीकरण केंद्रांतून शुद्ध होऊन किती नदीला परत गेलं. आकडे मिळवायला मनुष्यबळ कमी पडत असेल तर आम्ही चौघे पाळी लावून रोज आणून देऊ. आयुष्यभर गेज, म्हणजे पाणी मोजायच्या पट्ट्या, वाचल्या आहेत. सिडकोच्याने सोमवार आणि गुरुवार आधीच मागून घेतले आहेत.

आपला,
पाटबंधारे खात्यातील एक निवृत्त शाखा अभियंता
गंगापूर रोड, नाशिक