मंगळवारचे चार तास : वेधशाळेतल्या ताईंना खुले आभारपत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असे तुम्ही कळवलेत, म्हणून नुसते ‘ताई’. फोंडा-फर्मागुढी भागात डिप्लोमा आणि आयटीआयच्या मुलांना व्हॅक्यूम यंत्रणेची देखभाल शिकवणारे काही शिक्षक आणि वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत फ्रीझ ड्रायर सांभाळणारे काही तंत्रज्ञ मिळून आम्ही हे पत्र लिहीत आहोत. मुलांच्या प्रश्नांना तुम्ही लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेतून पाठवलेली उत्तरे आता आमच्याकडे अभ्यासक्रमासारखी शिकवली जातात. त्यांतला गाभा इतर शिक्षकांच्याही हाती पडावा, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांचा, विषय गोव्याला परका नाही. डिसेंबर १९८७ मध्ये गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद इथेच भरली होती. १४ सप्टेंबर २०१५ ला, दोन कृष्णविवरे एक होताना उठलेली, पहिली लहर पकडली गेली, तेव्हापासून मराठीतही कृष्णविवरांवर पुष्कळ लिहून आले. मात्र ती लहर पकडणारे यंत्र रोज चालते कुणाच्या हातांनी, फ्लँज (नळ्यांच्या टोकांची, बोल्टने जोडायची कडी) आवळतात कसा, टँकर येतो कधी, हे वाचायला मिळत नव्हते. तुम्ही ते लिहून दिलेत आणि प्रत्येक कृतीमागचे कारणही दिलेत. त्या कारणांसाठी आम्ही तुमचे विशेष ऋणी आहोत.

मंगळवारपासून सुरुवात करतो. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या लायगोच्या दोन्ही वेधशाळा निरीक्षणाच्या काळात रात्रंदिवस चालतात. ठरलेली देखभाल आठवड्यातून एकदा, मंगळवारी सकाळी, चार तासांत उरकायची. दोन्हीकडे एकच वार का? संकेताची पक्की खात्री करायची तर तो दोन्ही ठिकाणी दिसलेला बरा, आणि तोही १० मिलिसेकंदांच्या आत, कारण मधले ३,००२ किलोमीटर कापायला प्रकाशाला तेवढाच वेळ लागतो. एक यंत्र सोमवारी आणि दुसरे बुधवारी बंद ठेवले, तर जोडीने ऐकण्याचे तास दुप्पट बुडतात. म्हणून द्रवरूप नायट्रोजनचा टँकर, क्रेनची तपासणी, साफसफाई, सॉफ्टवेअरमधले बदल, सगळे त्याच सकाळी बसवायचे.

त्या सकाळची अखेरची फेरी आम्ही वर्गात जशीच्या तशी उचलली आहे. कामे आटोपली की एक जण यादी घेऊन यंत्राच्या दालनातून फिरतो. दिवे बंद आहेत का, क्रेन जागेवर उभी आहे का, नको असलेल्या एक्स्टेन्शन वायरी सॉकेटमधून काढल्या का, फोन काढला का, वाय-फाय बंद केले का, एखादी शिडी कशाला टेकून तर राहिली नाही ना. प्रत्येक ओळीला खूण करायची आणि मगच दार लावायचे. चालू राहिलेला एक छोटा पॉवर सप्लायही कुठल्या तरी केबलमधून आपली गुणगुण यंत्रात पोचवू शकतो, हे कारण सांगितले की मुले यादी टाळत नाहीत.

त्यानंतर यंत्र पुन्हा ‘लॉक’ करायचे. यंत्राच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या, ४ किलोमीटरच्या दोन्ही भुजांतले आरशांमधले अंतर लेसरच्या तरंगलांबीच्या अतिसूक्ष्म हिश्शापर्यंत स्थिर धरणे म्हणजे लॉक. मुख्य लेसर १०६४ नॅनोमीटरचा, पण सुरुवात होते ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरने. तो भुजांना वेगळे आवरून धरतो, तेवढ्यात मधल्या भागातले आरसे मुख्य लेसरवर लॉक होतात, आणि मग भुजा हळूहळू हिरव्यावरून मुख्य लेसरकडे सोपवल्या जातात. गार्डियन नावाचे सॉफ्टवेअर या पायऱ्या आपोआप चढते. कुठल्या पायरीवर पाय सारखा घसरतो आहे, ते ऑपरेटरने बघायचे. पूर्ण शक्ती गाठल्यावरही काम संपत नाही. आरसे लेसरने तापतात, त्यांची वक्रता बदलते, भोवतीच्या कड्यांच्या हीटरनी ती सावरावी लागते आणि सगळे स्थिरावायला काही तास जातात. चार तासांच्या देखभालीची खरी किंमत चार तासांहून जास्त असते ती यामुळे.

आता आमच्या जिव्हाळ्याचा विषय, निर्वात. लेसर जिच्यातून जातो ती लायगोची नळी १.२ मीटर व्यासाची, तीन मिलिमीटरहून किंचित जाड स्टेनलेस स्टीलची. आतला दाब टॉर या दाबाच्या एककाच्या अब्जाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे एक लाख-कोटीव्या हिश्शाएवढा. नळी बांधून झाल्यावर तिच्या अंगातूनच सुमारे २,००० अँपिअर वीज सोडून ती महिनाभर १५० अंश सेल्सिअसच्या वर तापवली होती, कारण पोलादाच्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी आणि आत मुरलेला वायू उष्णतेशिवाय सुटत नाही. हवा उपसण्याचे सुरुवातीचे काम टर्बो पंपांचे. पण फिरता रोटर म्हणजे कंप. त्यामुळे निरीक्षणाच्या वेळी भार घेतात ते एकही हलता भाग नसलेले आयन पंप आणि द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेले सापळे.

आयन पंपाच्या स्वभावावरून गळती ओळखण्याची तुमची युक्ती आमच्या मुलांना फार आवडली. आयन पंपाला आर्गॉन नीट खेचता येत नाही आणि हवेत आर्गॉन जवळजवळ एक टक्का असतो. म्हणून आरजीएच्या, म्हणजे आत उरलेले वायू रेणूंच्या वस्तुमानानुसार वेगळे दाखवणाऱ्या उपकरणाच्या, आलेखात ४० वरचे, म्हणजे आर्गॉनचे, टोक चढू लागले, तर बाहेरची हवा शिरते आहे असे समजावे. २८ वर विसंबू नये, कारण तिथे नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघेही बसतात. १४ वर टोक असेल तर नायट्रोजनकडे बोट जाते, १२ वर असेल तर कार्बन मोनॉक्साइडकडे. ३२ चा ऑक्सिजन तापलेल्या फिलामेंटवर खर्च होतो, त्यामुळे तो कमी दिसला म्हणून गळती नाही असे धरू नये. १८ सर्वांत उंच असेल तर ते पाणी, त्याला वेळ द्यावा किंवा उष्णता. आणि ४१, ४३, ५५, ५७ अशी रांग उठली, तर तेल किंवा ग्रीस आत गेले आहे. मग पंप कितीही चालवा, जे आत गेले ते शोधून स्वच्छ करावे लागते.

आरजीए नसेल तरी चालते, हे तुम्ही आवर्जून लिहिलेत, ते बरे झाले. आमच्या बहुतेक कार्यशाळांत तो नाही. व्हॉल्व बंद करून पंप चेंबरपासून वेगळा करायचा आणि ठरावीक अंतराने दाब लिहून आलेख काढायचा. रेषा सरळ चढत राहिली तर गळती. आधी चढून मग आडवी होऊ लागली तर भिंतींतून वायू सुटतो आहे. गळतीची जागा शोधायला जोडांवर बाहेरून हेलियम फवारतात आणि तो आत शिरतो का ते बघतात. तेव्हा पंखे बंद ठेवायचे, धार अगदी बारीक ठेवायची आणि वरच्या जोडापासून खाली यायचे, कारण हेलियम वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरच्या जोडाची गळती खालच्याच्या नावावर लागते. दोन फ्लँजांच्या कडेला असलेली बारीक खाच हेलियम आत सोडण्यासाठीच ठेवलेली असते, तिथेच नळीचे टोक न्यायचे.

फसव्या गळतीवर तुम्ही लिहिलेले पान आम्ही मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावले आहे. आंधळ्या, म्हणजे दुसऱ्या टोकाला बंद असलेल्या, भोकात बसवलेल्या स्क्रूखाली हवेचा थेंब अडकतो आणि तो आट्यांमधून दिवसेंदिवस झिरपत राहतो. दाब उतरत नाही, पण हेलियमला प्रतिसादही मिळत नाही, कारण बाहेर भोकच नसते. सोपा उपाय म्हणजे मधून आरपार छिद्र असलेला स्क्रू. स्टेनलेस आट्यांत स्टेनलेस बोल्ट कोरडा आवळला तर तो जाम होतो, म्हणून व्हॅक्यूमच्या आत चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट. तांब्याचे गॅस्केट एकदाच वापरायचे. फ्लँजची धार त्यात रुतून ते आकार बदलते, दुसऱ्यांदा तीच धार त्याच जागी बसत नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, फेऱ्याफेऱ्यांनी आवळायचे. एका बाजूने घाई केली तर धार तिरकी रुतते आणि तो जोड पुढे कितीही आवळला तरी सुधारत नाही.

आमच्या हवेचा विचार करून तुम्ही एक गोष्ट जोडलीत. आषाढ-श्रावणात गोव्याची हवा पाण्याने इतकी भरलेली असते की चेंबर खोलीच्या हवेत उघडले, तर भिंतींवर पाण्याचे थरच्या थर बसतात आणि पुन्हा दाब उतरायला कित्येक पट वेळ लागतो. त्यामुळे चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरून मगच उघडायचे, उघडे असताना कोरड्या वायूचा मंद प्रवाह आतून बाहेर चालू ठेवायचा, आणि हत्यारे, सुटे भाग, नवे गॅस्केट आधी हाताशी मांडून ठेवायचे. वेधशाळेतही चेंबर उघडताना अतिकोरडी हवा सोडतात, हे कळल्यावर आमच्या मुलांनी ही सवय मनावर घेतली.

धुळीबद्दल थोडक्यात. ४० किलोच्या काचेच्या आरशांवर भुजांमध्ये शेकडो किलोवॉट प्रकाश खेळतो. कोटिंगमधला एक सूक्ष्म ठिपका प्रकाश शोषू लागला की तिथे आरसा स्थानिक फुगतो आणि प्रकाश विखुरतो. म्हणून आरशावर पॉलिमरचा थर लावून, वाळला की सोलून काढतात. सोलताना काचेवर विद्युतभार साचतो आणि तोही पुढे गोंगाट बनतो, म्हणून आयनीकृत नायट्रोजनचा झोत मारत सोलायचे. पुसण्यानेही नवा दोष येऊ शकतो, हे औषध कारखान्यातल्या मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

गोंगाटाचा माग काढण्यावर मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण निदान कसे करावे याचा इतका सुंदर धडा आम्हाला दुसरीकडे मिळाला नाही. यंत्राभोवती कंपमापक, मायक्रोफोन, चुंबकमापक बसवलेले असतात. मुख्य संकेतात काही दिसले की तेच या साक्षीदारांपैकी कुणाला दिसले ते आधी बघायचे. मग मुद्दाम स्पीकरने आवाज, शेकरने कंप, कॉइलने चुंबकीय क्षेत्र घालून कुठल्या वाटेने किती झिरपते ते मोजायचे. २०१७ मध्ये हॅनफर्डला डोमकावळे थंड नायट्रोजनच्या पाइपावर जमलेला बर्फ टोचत होते आणि ते ठोके मुख्य संकेतात उमटत होते. बर्फावर चोचींच्या खुणा सापडल्या. इलाज साधाच होता, पाइपावर इन्सुलेशन चढवून बर्फच जमू न देण्याचा. दुसरे उदाहरण, दर एक हर्ट्झला कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या राहणाऱ्या रेषांचे. शेवटी लक्षात आले की वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेतला एक एलईडी सेकंदाच्या तालावर उघडमीट करतो आणि त्याने ओढलेला प्रवाह वीजपुरवठ्यातून पुढे झिरपतो. लुकलुकणे प्रोग्रॅममधून बंद केले. तिकडे मुख्य विजेची गुणगुण ६० हर्ट्झवर असते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियात ती ५० हर्ट्झवर येईल आणि तिच्या पटींच्या रेषाही बदलतील. तिथे काम करू इच्छिणाऱ्या आमच्या मुलांनी हे आतापासून ध्यानात ठेवावे, हा तुमचा सल्ला मोलाचा आहे.

समुद्राचा भाग आम्हा गोंयकारांना विशेष भावला. मासेमारी बंद असलेल्या जून-जुलैत आमच्या किनाऱ्यावर जो समुद्र खवळतो, तो जमीनही हलवतो. समोरासमोरून येणाऱ्या सारख्या आवर्तनाच्या लाटा भेटल्या की तळावर त्यांच्या दुप्पट वारंवारतेने दाब पडतो. लाट १२ सेकंदांची असेल तर जमीन ६ सेकंदांच्या तालात, म्हणजे सुमारे ०.१७ हर्ट्झने, मायक्रोमीटरभर डोलते आणि हे डोलणे शेकडो किलोमीटर आत पोचते. वेधशाळेत ते आवरतात आधी हायड्रॉलिक पायांनी, मग कंप ओळखून उलट ढकलणाऱ्या मंचांनी, आणि शेवटी चार पायऱ्यांच्या लंबकाने, ज्याचा खालचा आरसा ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तंतूंवर लटकलेला असतो. लंबक वरच्या वारंवारतांना छान गाळतो, पण ०.१७ हर्ट्झला त्याचा उपयोग होत नाही. तिथे मंचांचे सेन्सर आणि नियंत्रणच काम करते, आणि वारा जोराचा असेल तर इमारतच झुकून त्याच सेन्सरांना चकवते. हे दोन्ही एकाच दिवशी आले की लॉक टिकवणे कठीण का होते, ते मुलांना पहिल्यांदाच उमगले.

शेवटी नोंदवहीबद्दल. कुणी दार उघडले, कुणी कुठला स्विच दाबला, किती वाजता, सगळे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळेसह लिहायचे. आमच्याकडे त्यासाठी घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. काम थांबवल्याची वेळ सुरू केल्याच्या वेळेइतकीच का महत्त्वाची, हे शिकवायला तुम्ही दिलेले उदाहरण आम्ही दर तुकडीला सांगतो. पहिली लहर आली त्या रात्री लिव्हिंग्स्टनला रॉबर्ट स्कोफील्ड आणि अनामारिया एफ्लर बाहेरच्या गोंगाटाच्या चाचण्या करत होते, आणि लहर येण्याआधी जेमतेम तासभर त्यांनी त्या थांबवल्या होत्या. वेळा नोंदलेल्या होत्या, म्हणून तो संकेत त्यांच्या चाचणीचा नाही हे दाखवता आले.

ताई, आपली नोकरी सांभाळून परक्या मुलांसाठी इतके बारकाईने लिहिणे सोपे नाही. त्याबद्दल आम्ही सगळे मनापासून आभारी आहोत. पुढच्या तुकडीचे प्रश्न सोबत जोडले आहेत. सवडीने बघावेत. त्यातला तिसरा आमच्या किनाऱ्यावरचा आहे. खाऱ्या वाऱ्यातल्या क्लोराइडने पातळ स्टेनलेस बेलोजच्या (घड्यांच्या लवचीक नळीच्या) घड्यांत बारीक खड्डे पडतात. आम्ही दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून झाकतो. याहून चांगली पद्धत तुमच्याकडे वापरात असेल, तर कृपया कळवावी.

आपले नम्र,
व्हॅक्यूम देखभालीचे शिक्षक आणि तंत्रज्ञ
फोंडा, गोवा